लेकरू पुण्याला, पगार घरमालकाला

वर्क फ्रॉम होम बंद करून सगळ्यांना ऑफिसात बोलावण्यावरून जो वाद चालला आहे, तो ऐकताना वाटते की भांडणारे दोघेही पुण्याचेच आहेत. एक म्हणतो, घरी बसून पोरे आळशावली, लॅपटॉप उघडा ठेवून मेथी निवडतात. दुसरा म्हणतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे दोन-तीन तास घालवून काय मिळते? शिस्त की सोय, एवढ्यावरच चर्चा सुरू होते आणि संपते. लातूर, बीड, नांदेडकडून पाहिले तर हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. काम कुठे बसून करायचे हे कंपनी ठरवणार असेल, तर तिथे राहण्याचा खर्च कुणी करायचा? माझे म्हणणे सरळ आहे. बोलावणाऱ्याने करायचा. त्याला ते परवडत नसेल, तर काम इकडे आणायचे. माणसाने गाव सोडायचे, डिपॉझिटही त्यानेच भरायचे आणि वर महागाईबद्दल बोललाच तर त्याला ‘मग नोकरी सोड’ म्हणायचे, हा हिशेब आम्हाला मान्य नसावा.

आधी झाले काय ते आठवू. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि काही दिवसांत कंपन्यांचे संगणक घरोघरी पोचले. एप्रिलमध्ये टीसीएसने जाहीर केले की 2025 पर्यंत आपल्या एकचतुर्थांशच माणसांना ऑफिसात बसण्याची गरज राहील. नोव्हेंबर 2020 मध्ये दूरसंचार खात्याने कॉल सेंटर-बीपीओंचे नियम सैल केले आणि घरून काम करण्याची वाट मोकळी करून दिली. ही काही चहाच्या टपरीवरची भाकिते नव्हती. देशातली सर्वांत मोठी आयटी कंपनी आणि केंद्र सरकार एका सुरात बोलत होते. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, पुण्यातल्या खोल्या सोडल्या, मुलांची नावे इकडच्या शाळांत घातली. पुढे 1 ऑक्टोबर 2023 पासून त्याच टीसीएसने पाचही दिवस हजेरी लावायला सांगितली. विप्रोने त्या नोव्हेंबरपासून आठवड्याचे किमान तीन दिवस सक्तीचे केले. अ‍ॅमेझॉनने जानेवारी 2025 पासून पाच. धंद्याची गरज बदलते, धोरणही बदलते, यात गैर काही नाही. पण बदलाची किंमत एकाच बाजूने मोजायची, हे कुठे ठरले होते?

मधल्या काळात मराठवाड्यात जे घडले त्याची नोंद या वादात कुणी घेतलेली मला दिसत नाही. लातूरच्या ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्ल्यांत अनेक घरांच्या वरच्या खोलीत एक टेबल आले. टेबलाखाली इन्व्हर्टरची बॅटरी आणि भिंतीवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर, एकाने मान टाकली की दुसरा. मे महिन्यात मीटिंग लागली की कूलर बंद, कारण त्याची घरघर तिकडे अमेरिकेत ऐकू जाते. मग बनियन ओले होईपर्यंत बोलायचे आणि कॅमेरा मात्र सुरू करायचा नाही. खाली आई रात्री अकराला चहा टाकते आणि शेजारीण विचारते, ‘तुमचं लेकरू रात्रीच कसं काय कामाला बसतंय?’ हे झाले वर. खाली गल्लीत त्याचा पगार फिरू लागला. गंजगोलाईतल्या किराणा दुकानात, गॅरेजवाल्याकडे, रंगाऱ्याकडे, मेसवाल्या मावशींकडे. वडिलांच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर येऊ लागल्या. सोयाबीनच्या फवारणीचे पैसे सावकाराकडे न जाता उभे राहिले.

याचे महत्त्व कळायला कोकणाकडे पाहावे. गिरण्यांच्या काळापासून कोकणच्या अर्थव्यवस्थेला मनिऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणत. मुंबईतून पैसा गावी येई, माणूस मात्र गणपतीला आणि शिमग्यालाच दिसे. बाकी वर्षभर गावात म्हातारे, बायका आणि बंद घरे. मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या दोन पिढ्यांचे तेच झाले, फक्त मनिऑर्डरच्या जागी फोनवरून पैसे येऊ लागले. त्या दोन-तीन वर्षांत पहिल्यांदाच पगार आणि पगारदार एकाच घरात होते. सरकारी योजनेने न जमलेली गोष्ट साथीने घडवली आणि एका ईमेलने ती मोडली.

आता महागाई. इथे सरकारी आकडा पुढे केला जातो. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यांवर, तेव्हाच्या निर्देशांक-मालिकेतल्या नीचांकावर आला होता. मग रडता कशाला? आकडा खोटा नाही. पण महागाईचा निर्देशांक एकाच जागेवर भाव किती वाढले ते मोजतो. माणसालाच उचलून महाग जागी नेऊन ठेवले, तर त्याच्यासाठी एका रात्रीत सगळेच वाढते आणि निर्देशांकात त्याची रेघही उमटत नाही. लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरचा कांदा तिथेच, पुण्यातल्या वाकडचा कांदाही तिथेच; पोरगा मात्र अहमदपूरहून वाकडला गेलेला असतो. वर्क फ्रॉम होम संपणे ही त्याच्यापुरती सर्वांत मोठी भाववाढ आहे आणि ती कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही.

हिशेब मांडूनच पाहू. मोठ्या आयटी कंपन्यांचे फ्रेशरचे पॅकेज दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळते आहे. पीएफ वगैरे कापून हातात पंचवीसेक हजार. कॉट बेसिसवर एका खोलीत तिघे राहिले तरी कॉटचे सात-आठ हजार, मेसचे चार, गाडीचे पेट्रोल, महिन्यातून एकदा ट्रॅव्हल्सने गाव. उरलेल्या पैशांत शैक्षणिक कर्जाचा हप्ता बसवायचा आणि बहिणीच्या लग्नाचेही बघायचे. लग्न झालेल्याची गत आणखी अवघड. हिंजवडी-वाकडकडे वन बीएचके 20 हजारांच्या आसपास. तीन महिन्यांचे डिपॉझिट, एजंटाचे एक भाडे आणि पहिल्या महिन्याचे एक, म्हणजे ऑफिसात पाऊल ठेवण्याआधी एक लाख रुपये बाहेर. टेम्पोचे भाडे वेगळे. अकरा महिन्यांनी करार संपला की दहा टक्के वाढ, आणि नव्या करप्रणालीत घरभाड्याची सवलत नाही. तोच माणूस लातूरला वडिलांच्या घरात राहून तेच काम, तितकेच तास, त्याच पगारात करत होता. म्हणजे पगार जागेवर राहून पगारकपात झाली. कपात कंपनीच्या तिजोरीतही गेली नाही, थेट पुण्याच्या घरमालकाच्या खात्यात गेली. कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी घेतलेल्या निर्णयाचे पैसे तिसऱ्याच माणसाला मिळाले आणि भरले चौथ्याने, असा हा अजब व्यवहार आहे.

ऑफिसच्या बाजूने जे बोलतात त्यांच्याकडे मुद्दे आहेत आणि ते पोकळ नाहीत. सर्वांत वजनदार पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईत डेटा एन्ट्रीचे काम करणाऱ्यांवर एक प्रयोग झाला. कोण घरून काम करणार आणि कोण ऑफिसातून, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. 2023 मध्ये निष्कर्ष आले. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता 18 टक्क्यांनी कमी भरली, शिवाय ऑफिसातले लोक काम लवकर शिकले. हे मी मान्य करतो, आणि आमच्याकडच्या पोरांबाबत तर जास्तच मान्य करतो. औशाच्या किंवा माजलगावच्या पोराला कोडिंग यूट्यूबवरून येईल. पण क्लायंट चिडला की ईमेल कसा लिहायचा, मॅनेजरला ‘जमणार नाही’ कसे सांगायचे, पगारवाढ कशी मागायची हे शेजारच्या खुर्चीवरचा सिनियरच शिकवतो. घरात कॉलेज पाहिलेला तो पहिलाच असतो. त्याला पहिली दोन वर्षे ऑफिस मिळालेच पाहिजे. जे म्हणतात की ऑफिस म्हणजे निव्वळ गुलामी, त्यांच्या घरी बहुधा इंग्रजी आधीपासून होते.

पण यातून पाच दिवस, सगळ्यांना, कायमचे, एवढे कसे निघते? चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत सोळाशेहून अधिक लोकांवर असाच प्रयोग झाला आणि तो 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. आठवड्याचे दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामाच्या दर्जात आणि बढत्यांत फरक पडला नाही. नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र एकतृतीयांशाने घटले. म्हणजे नवख्याला ऑफिस हवे, जुन्याला सूट परवडते, आणि कामाकामात फरक आहे. दहा वर्षे एकच प्रणाली सांभाळणाऱ्या माणसाला शिकण्यासाठी बोलावतो म्हणणे, हे निमित्त झाले. आणि शिकण्यासाठी लागते ते ऑफिस. ते पुण्यातच का असावे? लातूरला पन्नास खुर्च्यांच्या ऑफिसात सिनियर बसला तर तो शिकवायचे विसरतो काय?

वीज आणि नेटचा मुद्दाही खरा आहे. वळवाचा पाऊस आला की तासन्‌तास लाइट जाते, आणि लातूरचे पाणी तर 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. त्यावर वाद घालत नाही. एवढेच म्हणतो की ही दुरुस्ती करण्याजोगी अडचण आहे. तिला मराठवाड्याचे कायमचे व्यंग ठरवू नये.

एक मुद्दा मात्र मला गमतीचा वाटतो. म्हणे, दूर बसलेल्या माणसावर भरवसा ठेवता येत नाही, काम नजरेसमोर हवे. अहो, भारताचा सगळा आयटी उद्योगच दूर बसून काम करण्यावर उभा राहिला! 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरात आली ती उपग्रहामार्फत काम अमेरिकेला धाडण्यासाठी. तेव्हापासून चार दशके आपण न्यू यॉर्कच्या बँकांना आणि लंडनच्या विमा कंपन्यांना हेच समजावत आलो, की तुमचे काम तुमच्या इमारतीत होण्याची गरज नाही, सात समुद्रांपलीकडूनही चोख होते. त्या समजावण्यावर हिंजवडीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता तोच व्यवस्थापक सांगतो की पुणे ते लातूर या साडेतीनशे किलोमीटरमध्ये विश्वास टिकत नाही. त्याच्या गोऱ्या साहेबाने 1990 मध्ये हाच युक्तिवाद केला असता, तर हिंजवडीत आज ऊस असता.

यावर हुशार माणूस म्हणेल, जपून बोला. लातूरहून होणारे काम उद्या मनिलाहून होईल, नाहीतर यंत्रच करील. खरे आहे. पण यंत्राने जाणारे काम पुण्यात बसलात म्हणून थांबत नाही. टीसीएसने जुलै 2025 मध्ये बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, ते सगळ्यांना ऑफिसात बोलावून झाल्यानंतरच. रोजचे हजेरीचे कार्ड टेकवल्याने नोकरी वाचत नाही, हे त्यातून तरी कळावे. उलट नोकरी गेलीच, तर कुणाची अवस्था बरी? बापाच्या घरात राहणाऱ्याची, की वाकडला 40 लाखांचे गृहकर्ज काढून बसलेल्याची?

आता आमच्याच भागातून येणारा आक्षेप, जो मला सर्वांत जास्त टोचतो. आष्टी-पाटोद्याकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलतो, बायको-पोरांसह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाचटाच्या कोपीत राहतो, चैतात परत येतो. त्याला वर्क फ्रॉम होम कुणी दिले? त्याच्यासमोर एसीत बसणाऱ्या इंजिनियरचे गाऱ्हाणे मांडायला लाज वाटत नाही का? वाटते. पण म्हणून तुलनाच टाळली तर फायदा कुणाचा? नीट करून पाहिली, तर ती उलटीच बोलते. कोयता, म्हणजे तोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, घराबाहेर पडण्याआधी कारखान्याकडून, मुकादमामार्फत, त्याच्या हातात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पडते. ही उचल म्हणजे काय सापळा आहे हे बीड जिल्ह्याला सांगायची गरज नाही. ती कर्ज आहे, पिढ्या त्यात अडकल्या, बायकांच्या पिशव्या काढण्यापर्यंत प्रकरण गेले. मी तिची भलामण करत नाही. पण त्या क्रूर व्यवस्थेलाही एक गोष्ट मान्य आहे: माणसाला घरातून हलवायला पैसे लागतात आणि ते आधी बोलावणाऱ्याला सोडावे लागतात. इंजिनियरच्या बाबतीत तेवढेही मान्य नाही. तो घर सोडताना स्वतःच एक लाख मोजतो. आणि त्याच्या पगाराने लातुरात मेस चालली, दोन बायकांना भांड्यांचे काम मिळाले, तर त्यातले एखादे बिऱ्हाड तोडीला जायचे थांबते. इंजिनियर आणि कोयता यांचे हित इथे एकमेकांना छेदत नाही.

साथीनंतर माणसांना परत बोलावण्याचा हा महाराष्ट्रातला पहिलाच प्रसंग नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरणी कामगार भराभर गावाकडे पळाले. चात्यांवर माणूस मिळेना, तेव्हा महिन्याचा पगार अडवून ठेवणारे मालक रोजच्या रोज मजुरी मोजू लागले, एकमेकांचे कामगार जादा पैसे देऊन पळवू लागले. साथ ओसरली आणि मालकांनी जुनी घडी परत बसवायला घेतली. इथवर आजच्यासारखेच. पण त्या काळच्या सरकारला, परके असूनही, एवढे कळले की माणूस शहरात हवा असेल तर त्याला छप्पर लागेल. 1898 मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. पुढे 1920 च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास, कौतुक करण्याजोगे त्यात फारसे नाही. तरी बोलावण्याबरोबर घराचा प्रश्न येतो, हे तेव्हा सरकारदरबारी उघड होते. 2023 च्या बोलावण्यामागोमाग काय आले? हजेरी कमी भरली तर व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा बदलता भाग, कापू, ही तंबी.

बायकांचे वेगळे सांगायला हवे. घरून काम म्हणजे बाईच्या डोक्यावर दोन पाळ्या, सासूच्या लेखी सून ‘घरीच तर असते’, हा आक्षेप पुरोगामी मंडळी घेतात आणि तो अचूक आहे. पण ऑफिसला बोलावल्याने सासू बदलत नाही. 2023 मध्ये टीसीएसच्या मनुष्यबळ प्रमुखांनीच कबूल केले होते की बायकांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा उलटे, पुरुषांहून जास्त झाले आहे आणि त्यामागे घरून काम संपणे हे एक कारण असू शकते. नांदेडला नवऱ्याची शिक्षकाची नोकरी, दोन वर्षांचे मूल, आणि हिला हिंजवडीचे बोलावणे. दोन बिऱ्हाडे मांडण्याइतका पगार दोघांचा मिळूनही होत नाही. मग कुणाची नोकरी सुटते, हे विचारायची गरज आहे?

हा प्रश्न कंपनी आणि कर्मचारी यांच्यातला खासगी करार आहे, सरकारने यात पडू नये, असे म्हणणाऱ्यांनी आधी सवलतींचा हिशेब द्यावा. आयटी पार्कना वाढीव चटईक्षेत्र, मुद्रांक शुल्कात आणि वीज शुल्कात सूट, हे सगळे राज्याच्या धोरणातून मिळते, आणि राज्य म्हणजे मराठवाड्याचे आठ जिल्हे धरून. घेताना सार्वजनिक आणि जबाबदारी आली की खासगी, हे चालणार नाही. मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. 1953 च्या नागपूर करारात न्याय्य वाट्याचा शब्द दिला होता. 1984 मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजून दाखवला. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि एप्रिल 2020 मध्ये त्यांची मुदत संपली. नेमके तेव्हाच, जेव्हा पोरे लॅपटॉप घेऊन गावी येत होती. बीड शहराला पहिली रेल्वे मिळाली ती 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्रामाला 77 वर्षे झाल्यावर. एवढ्या वेगाने येणाऱ्या कारखान्यांची वाट पाहण्यापेक्षा, एका केबलमधून आलेले काम टिकवणे स्वस्त नाही का?

आणि काम माणसाकडे नेण्याचे तत्त्व याच राज्याचे आहे. 1972 च्या दुष्काळात गावेच्या गावे मुंबई-पुण्याच्या वाटेला लागली, तेव्हा वि. स. पागे यांच्या रोजगार हमीने सांगितले की मागेल त्याला काम आणि तेही जवळपास. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला, 2005 च्या केंद्रीय कायद्याने तेच तत्त्व देशभर नेले. खडी फोडणाऱ्याला लागू केलेले तत्त्व कोडिंग करणाऱ्याला लागू करायला कुठली अडचण आहे? सगळ्यांना कायम घरून काम द्या, असे कुणी मागत नाही. सवलत घेणाऱ्या कंपनीने संभाजीनगर, लातूर, नांदेड यांपैकी कुठेतरी छोटे का होईना ऑफिस काढावे, अनुभवी लोकांना तिथून बसू द्यावे, नवख्यांना त्यांच्या हाताखाली ठेवावे. ज्यांना पुण्यालाच बोलवायचे, त्यांना डिपॉझिट आणि शहरभत्ता द्यावा. तो भत्ता पगारपत्रकात लिहावा लागला, की रोज कुणाला समोर बसवणे खरेच गरजेचे आहे, याचा फेरविचार कंपन्या आपणहून करतील. खर्च दुसऱ्याच्या खिशातून जात असतो तोवर प्रत्येक मीटिंग समोरासमोरच व्हायला हवी असे वाटते.

कंपन्या हे स्वतःहून करणार नाहीत, आणि तीन महिन्यांचा नोटीस पिरियड गळ्यात असलेला पोरगा एकटा भांडणार नाही. हे काम आमदारांचे आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सोयाबीनच्या भावावरून पायऱ्यांवर बसणाऱ्यांनी आत जाऊन एक तारांकित प्रश्नही टाकावा: राज्याच्या सवलती घेणाऱ्या आयटी कंपन्यांचे किती कर्मचारी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून काम करतात, जिल्हावार सांगा. उत्तर शून्य आले तरी ते सभागृहाच्या कामकाजात छापले जाईल, आणि पुढच्या वेळी सवलतीची फाइल निघेल तेव्हा तो कागद दाखवता येईल.